लिपी एक, म्हणून अर्थ एक नव्हे

केंद्र सरकारचं ‘सर्व शिक्षा अभियान’ २००१ साली सुरू झालं. ते महाराष्ट्रात आलं तेव्हा त्याच्या बोधचिन्हासोबतचं घोषवाक्य मराठीत झालं, आणि फार चांगलं झालं: ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’. मूळ ‘सब पढ़ें, सब बढ़ें’ची लय त्यात उतरली आहे आणि वाक्य मात्र अस्सल मराठी आहे. ज्याने कुणी ते केलं त्याला दोन्ही भाषांची जाण होती. तरीही शेजारचं नाव तसंच राहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं ‘सर्व शिक्षा अभियान’ असंच रंगवलेलं होतं. मराठी शाळेतल्या मुलासाठी शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं, छडी खाणं, वर्गाबाहेर जाणं. त्याच्याच शाळेच्या भिंतीवर त्याच्याच लिपीत जे लिहिलं होतं त्याचा त्याच्या भाषेतला अर्थ काय होतो, हे कुणी विचारलं नाही. २०१८ मध्ये या योजनेच्या जागी नवी आली, तिचं नावही ‘समग्र शिक्षा’.

याच काळात संसदेने २००९ चा कायदा केला. हिंदीत तो ‘शिक्षा का अधिकार’, मराठीत ‘शिक्षणाचा हक्क’. त्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी घातली. म्हणजे जो शब्द हिंदीत या कायद्याचं शीर्षक आहे, तोच मराठीत या कायद्याने मनाई केलेली गोष्ट आहे.

शेजारच्या कर्नाटकाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. कन्नडमध्येही ‘शिक्षे’ म्हणजे आपल्यासारखीच शिक्षा, आणि शिकणं म्हणजे ‘शिक्षण’. तिथे याच योजनेचं नाव ‘सर्व शिक्षण अभियान’ असं घेतलं गेलं. तमिळनाडूने तर नाव पूर्ण तमिळ केलं. दिल्लीच्या पैशावर किंवा योजनेच्या नियमांवर त्याने काही फरक पडला नाही. आपल्याकडे ते झालं नाही, याचं कारण मला एकच दिसतं. कन्नड अधिकाऱ्यासमोर नाव आलं ते दुसऱ्या लिपीत, त्यामुळे ते आपल्या भाषेत आणायचं आहे हे त्याला दिसलं. मराठी अधिकाऱ्यासमोर ते देवनागरीतच आलं, आणि आलं तसं भिंतीवर गेलं.

लिपी एक असली की भाषांतर करायची गरजच वाटत नाही. माझी तक्रार याबद्दल आहे. हिंदी, मराठी आणि नेपाळी या तिन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, तिघींनी संस्कृतातून भरपूर शब्द घेतले आणि अरबी-फारसीतूनही घेतले. मात्र प्रत्येकीने त्या शब्दांना आपापल्या घरी वेगळं वळण लावलं. ‘किताब’ आणि ‘पुस्तक’ यांत घोटाळा होत नाही, कारण शब्दच वेगळे दिसतात. घोटाळा होतो तो दिसायला अगदी सारख्या शब्दांत, कारण तिथे वाचणाऱ्याला शंकाच येत नाही.

मूळ अर्थ कुणाकडे आहे, हा वाद इथे लगेच सुरू होतो. हिंदीवाले शुद्ध आणि आपण बिघडवलं, असं मराठी माणूसच पुष्कळदा म्हणतो. ‘शिक्षा’चंच पाहू. संस्कृतात शिक्ष् म्हणजे शिकणं, आणि सहा वेदांगांतल्या ‘शिक्षे’चा विषय उच्चारशास्त्र. शिकवणं, शिस्त लावणं, चुकलेल्याला वठणीवर आणणं, असा हा अर्थ सरकत आला. गुजराती, कन्नड, तेलुगू, मल्याळम या भाषांतही ‘शिक्षा’ने हेच वळण घेतलं, त्यामुळे मराठी यात एकटी नाही. ‘शास्’ या दुसऱ्या धातूतून शिष्य, शास्त्र आणि शासन असे तिन्ही शब्द आले. मराठीत ‘शासन’ म्हणजे सरकार, आणि गुन्हेगाराला कडक शासन होतं तेव्हा शिक्षाही. शिकवणं आणि दंडणं या दोन अर्थांचं नातं इतकं जुनं आहे. मराठीने त्यांची वाटणी केली, शिकण्याला ‘शिक्षण’ दिलं आणि दंडाला ‘शिक्षा’. यात बिघाड कुठे आहे? उलट दोन अर्थांना दोन शब्द मिळाले.

हिंदीच्या फुटपट्टीने मराठी मोजायची सवय लागली असेल, तर नेपाळीकडे पाहावं. ‘शिक्षा’ शब्दापुरती नेपाळी हिंदीच्या बाजूला आहे; काठमांडूतही ‘शिक्षा मन्त्रालय’च आहे. पण सगळीकडे तसं नाही, आणि म्हणून तिन्ही भाषा शेजारी ठेवून वाचल्या की खरं चित्र दिसतं.

‘तह’ हा शब्द घ्या. मराठी माणसाला त्याने पुरंदर आठवतो. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झाराजा जयसिंगाशी केलेला तह, ज्यात तेवीस किल्ले द्यावे लागले. मग सालबाईचा तह १७८२ चा, वसईचा १८०२ चा. ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हे आपण आजही राजकारणाबद्दल सहज बोलतो. हिंदीत हे सगळे तह ‘संधि’ होतात: ‘पुरंदर की संधि’. तिथे ‘तह’ म्हणजे थर, घडी, तळ. कपडे तह करून ठेवतात आणि प्रकरणाच्या तहापर्यंत जातात. आता नेपाळला जा. २०१५ च्या राज्यघटनेने तिथे तीन पातळ्यांचं सरकार आणलं: संघ, प्रदेश आणि ‘स्थानीय तह’. गावपालिका आणि नगरपालिका मिळून असे ७५३ स्थानीय तह आहेत. २०१७ आणि २०२२ मध्ये ‘स्थानीय तह निर्वाचन’ झालं. हे तीन शब्द मराठी वाचकाला एकेक करून कळतात, आणि एकत्र वाचले की तो स्थानिक पातळीवरच्या कुठल्या तरी कराराचा विचार करू लागतो. नेपाळचा जो खरा तह, इंग्रजांशी झालेला, १८१६ मध्ये पक्का झालेला, ज्याने त्या देशाची आजची सीमा बरीचशी ठरवली, त्याला नेपाळी ‘सुगौली सन्धि’ म्हणतात. आणि ‘संधी’ मराठीत काय? व्याकरणातली, सांध्यातली, आणि सगळ्यात जास्त करून नोकरीची किंवा शिक्षणाची. पराभवानंतर मुलूख सोडून द्यावा लागलेल्या करारासाठी जो शब्द नेपाळी इतिहासात आहे, तो आपल्याकडे उमेदीचा शब्द आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘राजीनामा’. २०२५ च्या सप्टेंबरात के. पी. शर्मा ओली यांनी नेपाळचं पंतप्रधानपद सोडलं. तिथल्या वृत्तपत्रांनी लिहिलं ‘राजीनामा’, मराठी वृत्तपत्रांनीही ‘राजीनामा’, आणि मधल्या हिंदीत ‘इस्तीफ़ा’. हिंदी मुलखातल्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे समेट. दोन्ही पक्षांत राजीनामा झाला की खटला मिटतो. शब्दशः पाहिलं तर हिंदीचा अर्थ जवळचा आहे, कारण ‘राजी’ असल्याचं लिहून देणं तो ‘नामा’. मग मराठीत तो पद सोडण्याकडे कसा गेला? वाट जमिनीच्या कागदांतून दिसते. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत शेतकरी जमीन सोडायचा तेव्हा सरकारला ‘राजीनामा’ लिहून द्यायचा, आणि जो ती घ्यायचा तो ‘कबुलायत’. राजीखुशीने हक्क सोडल्याचा कागद. त्यातूनच पद सोडल्याच्या कागदापर्यंतचा अर्थ आला असावा. मराठी शेतकऱ्याच्या महसुली व्यवहाराने हा शब्द घडवला असावा. तो फारसीतून आला म्हणून परका ठरत नाही, आणि हिंदीत वेगळा आहे म्हणून चुकीचाही ठरत नाही.

असे शब्द आणखी आहेत जिथे नेपाळी आणि मराठी एकमेकींना हिंदीपेक्षा जवळच्या वाटतात. मराठीत आईची ‘माया’ असते आणि नेपाळीत कुणावर प्रेम केलं तर त्याला ‘माया’च करतात; हिंदीत तिच्यावर भ्रमाची आणि पैशाची सावली जास्त. आपलं ‘विमानतळ’ नेपाळीत ‘विमानस्थल’ आहे, तर हिंदीचा ‘हवाई अड्डा’ मराठीत आणला तर अड्डा जुगाराचा वाटतो. आपण ‘मला’, ‘त्याला’ म्हणतो, नेपाळी ‘मलाई’, ‘त्यसलाई’ म्हणतो.

हे भाषाप्रेमींच्या गप्पांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण सरकारी कागदावर या फरकाची किंमत सामान्य माणूस मोजतो. मतदार यादी जाहीर होते तेव्हा हिंदीत ‘दावे और आपत्तियाँ’ मागवतात, मराठीत ‘दावे व हरकती’. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ येतात. मराठीत आपत्ती म्हणजे पूर, दरड, भूकंप. हिंदी मसुदा घाईने मराठी करणाऱ्याच्या हातून ‘आपत्ती असल्यास कळवावे’ असं सुटलं, की मराठी वाचक आपल्याला विचारलंय ते पूरग्रस्त आहोत का म्हणून, असं समजणार आणि आक्षेप नोंदवायची मुदत निघून जाणार. उलट बाजूने, मराठीतली साधी ‘माझी हरकत नाही’ हिंदीत गेली तर तिथे हरकत म्हणजे चाळा, गैरवर्तन. नेपाळीतही ‘हर्कत’ तसलीच. आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये गोरखा जिल्ह्यात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्यातून माणसं बाहेर काढणाऱ्या नेपाळी पथकांच्या कामाला ‘उद्धार’ म्हणत होते. आपल्याकडे उद्धार देव करतो किंवा संत करतात.

न्यायालयाच्या बातमीतलं नेहमीचं वाक्य पाहा: ‘आरोपीला तीन वर्षांची शिक्षा आणि पाच हजार रुपये दंड’. मराठीत दंड म्हणजे भरायचे पैसे. हिंदी आणि नेपाळीत मुळात शिक्षा, मग ती कैदेची असो की पैशांची. आपल्या ‘शिक्षे’ला हिंदीत ‘सज़ा’ आणि नेपाळीत ‘सजाय’ म्हणतात, आणि मराठी गावात ‘सजा’ म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातला गावांचा गट. बँकेत जा. ‘व्यवहार’ मराठीत पैशाची देवघेव, हिंदीत वागणूक. ‘आपला व्यवहार पूर्ण झाला’ हे मराठी पडद्यावर अगदी बरोबर आहे. तेच हिंदीत कुणी म्हणणार नाही, तिथे ‘लेनदेन’ असतो, नेपाळीत ‘कारोबार’.

संशोधन आणि घटना या जोडीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण इथे मराठीची स्वतःची परंपरा पुसली जाते आहे. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं. मराठीत संशोधन म्हणजे नवं शोधून काढणं, पारखणं. हिंदीत आणि नेपाळीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. दोन्हीकडे ‘संविधान संशोधन’ होतं. मराठीत त्याला ‘घटनादुरुस्ती’ हा स्वच्छ शब्द आहे, इतका की शाळकरी मुलालाही काय चाललंय ते कळतं. गेल्या काही वर्षांत मराठी बातम्यांत ‘संशोधन विधेयक’ वाचायला मिळतं. दुरुस्तीचं विधेयक आहे की संशोधन संस्थांबद्दलचं, हे मराठी वाचकाने अंदाजाने ओळखायचं. ‘घटना’ हिंदी-नेपाळीत फक्त प्रसंग आहे. आपल्याकडे ती राज्यघटनाही आहे, घटना समितीही आहे. दलित-बहुजन चळवळीने, कामगार संघटनांनी, खेड्यातल्या कार्यकर्त्यांनी ‘घटनेने दिलेला हक्क’ हे शब्द सभांत, मोर्चांत उच्चारले आहेत. ‘संविधान’ही आता मराठीत रुळलं आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ‘घटना’ वापरली की हिंदीत चुकेल म्हणून मराठीत टाळणं मला मान्य नाही.

यावर एक गंभीर उत्तर दिलं जातं, आणि ते टाळून चालणार नाही. राज्यघटनेच्या ३५१ व्या अनुच्छेदाने हिंदीने मुख्यतः संस्कृतातून शब्द घ्यावेत असं सांगितलं. १९६१ मध्ये केंद्राने वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग नेमला, त्यामागेही संस्कृतावर बेतलेल्या संज्ञा सगळ्या भारतीय भाषांना सारख्याच चालतील अशी आशा होती. आशा चांगल्या हेतूची होती. देशभर एका योजनेचं एक नाव असलं तर गावोगाव फिरणाऱ्या मजुराला ती ओळखता येते, हेही खरं. पण संस्कृत शब्द हे सर्व भाषांचं समान भांडवल आहे, हे गृहीतक वर दिलेल्या अनेक उदाहरणांत कोसळतं. शिक्षा, संधी, संशोधन, आपत्ती, व्यवहार, घटना, दंड, उद्धार: हे सगळे संस्कृत शब्द आहेत. ज्या शब्दांनी भाषा जोडल्या जातील असं वाटलं, तेच सगळ्यात जास्त फसवतात.

दुसरा युक्तिवाद महाराष्ट्राने अलीकडेच ऐकला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य तिसरी भाषा झाली, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या वादात हिंदीच्या बाजूने वारंवार सांगितलं गेलं की लिपी एकच आहे, मुलांना सोपं जाईल. मला ते उलटं वाटतं. सहा वर्षांचं मूल नुकतंच अक्षर आणि अर्थ जोडायला शिकत असतं. गुजराती किंवा कन्नड पान समोर आलं तर ही वेगळी भाषा आहे हे पहिल्या अक्षरालाच कळतं. हिंदी पानावर तसा इशारा नाही. ‘राग’ म्हणजे चिडणं हे त्याला घरी कळलेलं असतं, आणि इथे राग गायचा असतो किंवा कुणावर जडलेला असतो. ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, आणि इथे ती म्हणजे प्रयत्न. ‘यातायात’ म्हणजे आजीची दगदग, आणि इथे रस्त्यावरची वाहतूक. मोठ्या मुलाला हा फरक आवडीने शिकवता येतो. पाचवी-सहावीत तर यावर फार सुंदर तास होऊ शकतो. पहिलीत मात्र त्याने दोन्ही भाषांचा पाया कच्चा राहतो.

भाषा बदलतेच, मग अडवता कशाला, असंही विचारलं जाईल. बोलणारे बदलतात तेव्हा मी अडवणार नाही. मुंबईचा मराठी माणूस दिवसभरात तीन भाषांत बोलतो आणि कुठे कोणता अर्थ चालतो ते त्याला नीट माहीत असतं. पण ‘गर्व’ आणि ‘अभिमान’ यांचं काय होतंय ते पाहा. मराठीत अभिमान चांगला आणि गर्व वाईट. हिंदीत ‘मुझे गर्व है’ ही गौरवाची गोष्ट आणि ‘अभिमान’ला अहंकाराचा वास, नेपाळीतही गर्वच चांगला. आता हिंदीतून उचललेल्या जाहिराती आणि शुभेच्छाफलक मराठी माणसाला ‘गर्व आहे’ म्हणायला लावतात. ‘गर्वाचं घर खाली’ म्हणणाऱ्या भाषेत हा बदल बोलणाऱ्यांनी स्वतःहून केलेला नाही. भाषांतराचे पैसे वाचवणाऱ्यांनी तो आणला आहे. मी विरोध करतो तो या दुसऱ्या प्रकाराला.

हिंदी मध्ये ठेवून दोन भाषांचा संबंध जोडायची सवय किती नुकसान करते, हे कोकणात दिसू शकतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळमधून माणसं येतात. त्यांची मुलं इथल्या मराठी शाळांत बसतात. मालक त्यांच्याशी हिंदीत बोलतो, तेही हिंदीत उत्तर देतात, दोघांचीही ती भाषा नव्हे. ‘राजीनामा’, ‘माया’, ‘विमान’ हे शब्द दोघांच्या घरी एकाच अर्थाने आहेत, हे त्यांना कधी कळतच नाही. १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीने नेपाळी आणि कोकणी एकदमच आठव्या अनुसूचीत आल्या. भारताच्या मान्यताप्राप्त भाषांत नेपाळी तितकीच हक्काची आहे. नेपाळी मूल असलेल्या शाळेतल्या शिक्षकांच्या हाती मराठी-नेपाळी शब्दांचं चार पानांचं पुस्तक असावं, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

सरकारकडून काय हवं, तेही सांगतो. महाराष्ट्राचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे आणि राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. केंद्राच्या कोणत्याही योजनेचं नाव, अर्ज आणि माहितीपत्रक राज्यात वापरण्याआधी संचालनालयाने तपासावं, आणि नाव मराठीत भलताच अर्थ देत असेल तर मराठी रूप ठरवून तेच शाळा-कार्यालयांवर लागावं. तपासणी हिंदी मसुदा न पाहिलेल्या मराठी माणसाकडून करावी. मूळ वाचलेल्याला चूक दिसत नाही, त्याचे डोळे आधीच हिंदी अर्थ धरून बसलेले असतात. हिंदीच्या पाठ्यपुस्तकात दिसायला सारख्या आणि अर्थाने वेगळ्या शब्दांचा पाठ असावा, नेपाळीच्या दोन उदाहरणांसकट. आणि सुरुवात ‘समग्र शिक्षा’पासून करावी. ‘समग्र शिक्षण’ लिहायला शासन निर्णयाचं एक पान आणि भिंतीवरचा थोडा रंग पुरेल.